लाकडी जहाज कसं बांधतात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग'. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्याला हल्ली दुसरा विषय देतच नाहीत. मी म्हटलं, त्यावर बोलणारे तुम्हाला दर रविवारी मिळतील, मला लाकडी जहाजांवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं, "म्हणजे शोकेसमध्ये ठेवतात ती?" हो, तीच. परवानगी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. भाषणाच्या शेवटी माझी एक मागणी आहे. ती आत्ताच सांगितली तर तुम्ही जहाजांचं ऐकणार नाही, म्हणून आधी जहाजं.

आपल्या गावाला समुद्र नाही. नदी आहे, आणि मार्चनंतर तिला पाणी नसतं. राहते पुण्यात, तिथेही तीच गत. तरी गेली अकरा वर्षं मी लाकडी जहाजांची मॉडेलं बांधते आहे. पूर्ण झालेली जहाजं तीन, चौथं टेबलावर आहे. यावरून माझा वेग तुमच्या लक्षात येईल.

हा उद्योग जुना आहे. सतराव्या शतकापासून ब्रिटिश नौदलाच्या जहाजांची लाकडी मॉडेलं बनत आली आहेत. त्यांतली बरीचशी १:४८ या प्रमाणात असत, म्हणजे जहाजाचा एक फूट तो मॉडेलचा पाव इंच. अनेक मॉडेलांमध्ये खालच्या भागावर फळ्या मारलेल्याच नसतात, म्हणजे आतल्या फासळ्या उघड्या दिसतात. लंडनच्या ग्रिनिचमधल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात ही मॉडेलं आजही बघायला मिळतात. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमध्ये कैद झालेल्या फ्रेंचांनी तर जेवणात आलेली हाडं साफ केली, त्यांच्या पट्ट्या काढल्या, त्यांची जहाजं बांधली आणि ती बाहेरच्या लोकांना विकून चार पैसे मिळवले. तेव्हा साहित्य मिळत नाही ही सबब या छंदात कुणी सांगू नये.

माझ्या टेबलावरचं जहाज मात्र आपल्याच राज्यात जन्मलेलं आहे. त्याचं नाव एच.एम.एस. त्रिंकोमाली. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. त्या काळी ब्रिटनमध्ये युद्धांमुळे ओकच्या लाकडाची टंचाई होती आणि मुंबईला मलबारचा उत्तम साग येत होता. बांधणारे होते वाडिया घराण्यातले जमशेदजी बोमनजी आणि त्यांच्या हाताखालचे सुतार. कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा पारशी विधी करून काम सुरू झालं. याच गोदीतून १८१३ मध्ये कॉर्नवॉलिस नावाचं मोठं जहाज बाहेर पडलं होतं. पुढे १८४२ मध्ये त्याच्यावर नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेलं.

त्रिंकोमालीची एक गोष्ट माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी नेहमी सांगते. तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवर मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला हरवलं आणि नंतर ती नष्ट केली. नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली. तेव्हा बॅकअपचं महत्त्व १८१२ मध्येच सिद्ध झालेलं आहे.

हे जहाज आजही आहे. १८९७ मध्ये ते भंगारात निघालं होतं. एका सद्गृहस्थांनी विकत घेऊन त्याला दुसरं नाव दिलं आणि पुढे कित्येक दशकं त्याच्यावर मुलांना दर्यावर्दी शिक्षण मिळालं. १९८७ मध्ये ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आणलं, दहा वर्षांहून जास्त काळ दुरुस्ती चालली आणि जुनं नाव परत मिळालं. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनमधली ती सर्वांत जुनी युद्धनौका आहे. कंपनीच्या कामासाठी सहा महिने तिकडे होते तेव्हा एका शनिवारी रेल्वेने जाऊन मी ती पाहून आले. खालच्या डेकवर वाकून चालावं लागतं. तिथल्या तुळईवर हात ठेवला तेव्हा मनात आलं, हे लाकूड मुंबईत कुणी तासलं असेल त्याचं नाव कुठेच नाही. वाडियांचं नाव आहे, सुतारांचं नाही. ते काय करत होते हे आपल्याला कळू शकतं ते एकाच मार्गाने: तेच काम, लहान प्रमाणात का होईना, आपण स्वतः करून.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते.

सुरुवात प्रमाणापासून. मी १:६४ धरलं आहे, म्हणजे एक फुटाला तीन-सोळांश इंच. तोफांच्या डेकवर जहाजाची लांबी साधारण ४५.८ मीटर आणि रुंदी १२.२ मीटर. ६४ ने भागलं की ७१.६ सेंटिमीटर आणि १९ सेंटिमीटर. त्याच्यापुढे आलेली तिरकी काठी वेगळी. घरात जागा किती आणि त्यावर घरच्यांचं मत काय, हे प्रमाण ठरवतानाच बघून घ्यावं. या प्रमाणात साडेपाच फुटी खलाशी २६ मिलिमीटरचा होतो. मी पुठ्ठ्याचा एक खलाशी कापून ठेवला आहे. कुठलाही भाग तयार झाला की त्याला शेजारी उभा करते. दार त्याच्या डोक्याला लागत असेल, किंवा कठडा त्याच्या गळ्यापर्यंत येत असेल, तर लगेच कळतं.

दुसरी गोष्ट लाकूड. तुम्हाला वाटेल, जहाज सागाचं म्हणजे मॉडेलही सागाचं. तसं करता येत नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. साग मोठ्या जहाजाला उत्तम. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि त्यामुळे लोखंडी खिळे टिकतात, ओकमधल्या आम्लाने ते गंजतात. पण सागाच्या छेदात पाव मिलिमीटरच्या आसपासची छिद्रं असतात. जहाज आपण ६४ पट लहान करतो, छिद्र मात्र तेवढंच राहतं. मॉडेलच्या हिशेबात ते १६ मिलिमीटरचं भगदाड झालं, खलाशाचं बोट आत जाईल असं. म्हणून मॉडेलला बारीक पोताचं, एकसारखं लाकूड लागतं. युरोपात त्यासाठी नासपतीचं, बॉक्सवुडचं, लिंडनचं लाकूड वापरतात. डेकसाठी पांढरं हॉली किंवा मेपल.

ही लाकडं इथे महाग पडतात. आपल्याकडे हेदू आहे, ज्याला हिंदीत हळदू म्हणतात. पिवळसर, बारीक पोताचं. पूर्वी त्याच्या फण्या आणि गिरण्यांतल्या बॉबिन बनत. शिवण आहे. वजनाला हलकं आणि वाळल्यावर फारसं वेडंवाकडं न होणारं. चन्नपट्टणची खेळणी ज्याची बनतात ते पांढरं लाकूड, म्हणजे काळा कुडा, डेकला छान दिसतं. वखारीत जाऊन हातभर तुकडा मागितला की आधी हसतात. तिसऱ्या खेपेला तेच लोक तुकडे बाजूला काढून ठेवायला लागतात.

तुकडा घेताना रंग शेवटी बघायचा. आधी कडेच्या रेषा बघायच्या. त्या पट्टीला समांतर शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या होऊन कडेबाहेर पडत असतील तर ती पट्टी वाकवताना नेमकी तिथेच तुटणार.

तिसरी गोष्ट सांगाडा. जहाजाच्या नकाशात तीन चित्रं असतात: बाजूने दिसणारं, वरून दिसणारं, आणि आडवे छेद. हे छेद म्हणजे ब्रेडच्या लादीचे काप समजा. प्रत्येक कापाचा आकार चार-पाच मिलिमीटरच्या प्लायवुडमध्ये कापायचा, मध्ये खाच पाडायची आणि उभ्या कण्यावर ओळीने बसवायचे. हे आकार मी संगणकावर काढते आणि लेझरवर कापून घेते. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. जिथे यंत्र बरं तिथे यंत्र. पण बसवताना प्रत्येक काप गुण्याने तपासावा लागतो. एक काप एक मिलिमीटर तिरका बसला तर मोठ्या जहाजात तो ६४ मिलिमीटर झाला, म्हणजे अडीच इंच, आणि पुढच्या सगळ्या फळ्या तो तिरकेपणा घेऊन चालणार.

मग येतं ते काम, ज्यात यंत्राचा काही उपयोग होत नाही. जहाज पुढे आणि मागे निमुळतं असतं, त्यामुळे तिथे फळी कापांवर सपाट न टेकता तिरकी येते. म्हणून कापांच्या कडा तासून तिरप्या कराव्या लागतात. किती? त्यासाठी एक लांब, बारीक, लवचीक पट्टी घ्यायची आणि कापांवरून आडवी धरायची. ती सगळ्या कापांना टेकली पाहिजे. जिथे खालून उजेड दिसतो तिथे काप बसका आहे, लाकडाची चकती चिकटवा. जिथे पट्टी उचलली जाते तिथे उंच आहे, घासा. घासताना पॉलिश पेपर लांब पट्टीला चिकटवलेला हवा, म्हणजे एका वेळी निदान तीन कापांवरून फिरतो. नुसत्या बोटाने घासलं तर खड्डे पडतात. शेवटी डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला लागतो. या कामाला महिना जातो आणि पाहुण्यांना दाखवायला काहीच नसतं.

आता फळ्या. या छंदाचं सगळं शिक्षण इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

शाळेतली लवचीक प्लास्टिकची फूटपट्टी आठवा. ती सपाट बाजूने वाकते. तिला पीळही देता येतो. पण टेबलावर आडवी ठेवून, रुंदीच्या दिशेने, कडेने वाकवायला जा. वाकत नाही. लाकडी पट्टीही अशीच. जहाजाचं पोट मात्र नारळासारखं दोन्ही दिशांनी गोल आहे. सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या त्यावर एकाला एक लावत गेलात तर चौथ्या-पाचव्या पट्टीला ती कडेने वळायला मागते. जोर केला की एक कड उचलली जाते, किंवा पट्टी मोडते.

उपाय गणिताचा आहे आणि सातवीच्या मुलाला येतो. मध्यभागी वरपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी गुंडाळून अंतर घ्यायचं. समजा १५० मिलिमीटर आलं. आपली पट्टी ५ मिलिमीटरची, म्हणजे ३० पट्ट्या लागतील. आता नाकाजवळच्या कापावर तेच अंतर घ्या. समजा ९० आलं. तीसच्या तीस पट्ट्या तिथपर्यंत न्यायच्या तर प्रत्येकीची रुंदी तिथे ३ मिलिमीटर हवी. म्हणजे प्रत्येक पट्टी ५ वरून ३ पर्यंत रंध्याने निमुळती करायची. असं प्रत्येक कापावर मोजायचं. अर्ध्यापेक्षा कमी रुंदी होऊ द्यायची नाही, कारण इतक्या अरुंद टोकाला खरा खिळा बसलाच नसता. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एक पुढे न्यायची. मागच्या बाजूला कधी उलट होतं. अंतर १६५ येतं, पट्टी साडेपाचची हवी असते आणि आपल्याकडे पाचचीच असते. तिथे मध्ये पाचरीच्या आकाराची जादा फळी घालतात. मोठ्या जहाजांवर सुतार हेच करत होते. त्रिंकोमालीच्या मुंबईच्या सुतारांनाही याच हिशेबातून जावं लागलं असणार.

पट्टी वाकवायची कशी? बहुतेकांना वाटतं, भिजवून. खरं काम करते ती उष्णता, पाणी तिला मदत करतं. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ओल्या लाकडात, पाणी उकळतं त्या तापमानाच्या आसपास, ते नरम पडतं. तेवढ्या वेळात पट्टी वळवायची. थंड झालं की ते पुन्हा घट्ट होतं आणि पट्टी तो आकार धरून ठेवते. माझ्याकडे यासाठी केस सरळ करायचं यंत्र आहे. आमच्या घरी ते केसांसाठी कुणी वापरत नाही. वाकवलेली पट्टी जागेवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्यायची आणि मगच चिकटवायची. ओली पट्टी फुगलेली असते. तशीच चिकटवली तर वाळताना आक्रसते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल. तो वाळायला वेळ घेतो, म्हणून पट्टी सरकवून नीट बसवता येते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, नाहीतर तिथे पॉलिश शोषलं जात नाही आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. फळ्या धरून ठेवायला जुन्या जहाजांत लाकडी खुंट्या असत. सव्वा इंची खुंटी आपल्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची. ती बांबूची करायची. बांबूची काडी पोलादी पत्र्यातल्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान. बांबूचे तंतू सरळ असल्यामुळे तो इतका बारीक होऊनही तुटत नाही. परदेशातले मॉडेल बांधणारेही यासाठी बांबूच घेतात.

पाण्याखालच्या भागावर तांब्याचा पत्रा असतो. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो आणि शेवाळही धरतं, त्यांच्यापासून बचाव म्हणून. एक पत्रा ४ फूट लांब, १४ इंच रुंद. ६४ ने भागा: १९ मिलिमीटर आणि ५.६ मिलिमीटर. योगायोग असा की रंगीत काचकाम करणारे जी चिकट तांब्याची टेप वापरतात ती बरोबर याच रुंदीची मिळते. १९ मिलिमीटरचे तुकडे कापायचे आणि मागून पुढे लावत यायचं. पुढचा पत्रा मागच्यावर थोडा चढतो, म्हणजे पाण्याच्या धारेने कड उचलली जात नाही. माझ्या हिशेबाने दीड-दोन हजार तुकडे लागतील. टीव्हीवर क्रिकेट बघत करण्यासारखं काम आहे. कसोटी सामना असेल तर उत्तम.

शेवटी डोलकाठ्या आणि दोर. जुन्या नौदलात दोराचं माप घेराने सांगत. १२ इंची दोर म्हणजे घेर १२ इंच, व्यास सुमारे ९७ मिलिमीटर. आपल्याकडे तो दीड मिलिमीटर. बाजारातला शिवणाचा दोरा हुबेहूब दिसत नाही, कारण त्याचा पीळ दोरासारखा नसतो. म्हणून तीन दोरे एकत्र वळून आपला दोर आपणच करायचा. डोलकाठी जागेवर धरून ठेवणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडं वर-खाली करणारे दोर हलतात, म्हणून फिकट. हा फरक पाळला की दोरांच्या जाळ्यातून कोणता दोर काय करतो ते लांबूनही वाचता येतं. वर चढण्याच्या दोरशिडीला प्रत्येक छेदावर एक गाठ असते. अशा गाठी किती, ते मोजायचं नाही असा मी नियम केला आहे.

मॉडेलचे शत्रूही सांगते. पहिला पाऊस. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. जुलैत चिकटवलेल्या फळ्या मे महिन्यात फटी दाखवतात. म्हणून पावसाळ्यात मी फळ्या मारत नाही, दोर वळते. दुसरा शत्रू शिसं. जुन्या किटमध्ये तोफा आणि नांगर शिशाचे असत. लाकडातून बाहेर पडणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद काचपेटीत साठतात आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. काही वर्षांत नांगर झडून जातो. म्हणून तोफा पितळेच्या घ्याव्यात आणि काचपेटीला खाली हवेसाठी भोकं ठेवावीत. तिसरा शत्रू धूळ. आणि चौथा, 'आत्या, याला हात लावू?' असं विचारून उत्तराची वाट न बघणारे भाचे.

इतकं ऐकल्यावर एक प्रश्न मला हमखास विचारतात. अगं, हे सगळं आता थ्रीडी प्रिंटरवर निघतं, मग कशाला? निघतं, मला माहीत आहे. वाईटही दिसत नाही. पण माझ्या कामाचे दहा-अकरा तास मी पडद्यासमोर असते. पडद्यावर कुठलीही रेघ कुठल्याही दिशेने वाकते. मी सांगेन ते तो मान्य करतो. पट्टी मान्य करत नाही. ती म्हणते, या बाजूने वळेन, त्या बाजूने नाही. मग मला थांबून तिच्याकडे बघावं लागतं, मोजावं लागतं, तिची वाट शोधावी लागते. दिवसात एक तरी गोष्ट अशी असावी, जी माझ्या सांगण्याने बदलत नाही, असं मला वाटायला लागलं आहे.

आमच्या ऑफिसात इंटर्नशिपला मुलं येतात. हुशार असतात. आमच्या वयात आम्हाला जे येत नव्हतं ते त्यांना येतं. एकदा चहाच्या वेळी त्यांतल्या एकाच्या हातात मी हेदूची पट्टी दिली आणि म्हटलं, कडेने वाकव. त्याने वाकवली, ती मोडली. तो दचकला. मग म्हणाला, "मॅडम, मी लाकूड कधी मोडलंच नव्हतं." त्याला तिरक्या रेषेवर पट्टी का तुटते ते दाखवलं, तर पुढचा अर्धा तास तो तुकडे घेऊन बसला होता. त्याने चार वर्षं बलाचे आलेख काढले होते. ते बल हाताला कसं लागतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता मागणी.

मैदानाच्या पलीकडची पत्र्याची शेड सगळ्यांना आठवत असेल. टेक्निकलचं वर्कशॉप. आमच्या वर्षी टेक्निकल घेतलेल्या मुली दोनच होत्या. त्यांतली एक मी, दुसरी तिसऱ्या रांगेत बसली आहे. रंधा कसा धरायचा, पटाशीपुढे हात ठेवायचा नाही, गुण्याने दोन्ही बाजूंनी तपासायचं, हे सगळं आम्ही तिथे शिकलो. पुढे इंजिनिअरिंगला वर्कशॉपच्या तासाला मुलं माझ्याकडे बघून हसायच्या तयारीत होती, ती हसली नाहीत. ते सरांमुळे. सर आज इथे आहेत. सर, नमस्कार.

टेक्निकल विभाग बंद होऊन बरीच वर्षं झाली. काल मुख्याध्यापिका बाईंच्या परवानगीने मी शेड उघडून बघितली. सहा बाकं आहेत, चार व्हाइस आहेत. गंजलेत, पण तेल घालून फिरतात. आज संध्याकाळच्या सभेपुढे प्रस्ताव आहे की संघाच्या निधीतून ती शेड पाडून तिथे दुसरा संगणक कक्ष बांधावा. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. तरीही माझं पोट ज्यावर चालतं त्याच संगणकाच्या वतीने मी विनंती करते, की शेड पाडू नका. संगणक मुलांच्या घरात पोचला आहे, खिशात पोचला आहे. व्हाइस लावलेलं बाक कुणाच्या घरी नाही, आणि एकदा मोडलं तर पुन्हा कुणी करणार नाही.

विरोध करून मी मोकळी होणार नाही, काय करायचं तेही सांगते. एक वर्ष, महिन्यातले दोन शनिवार, मी पुण्याहून येईन. आठवी-नववीची बारा मुलं घेऊ, निम्म्या मुली. विजेवर चालणारं एकही यंत्र नको. बारीक करवत, रंधा, कानस, पॉलिश पेपर, गोंद एवढ्यावर काम होईल. पहिल्या वर्षी पूर्ण जहाज नाही, अर्धं मॉडेल. जहाजाची उभी एक बाजू, फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून आणि तासून केलेली, मागे पाटी लावून भिंतीवर टांगता येणारी. जहाज बांधणारेसुद्धा आकार ठरवण्यासाठी अशी अर्धी मॉडेलं करत. त्यात नकाशा वाचणं येतं, प्रमाण येतं, तासणं येतं. गावातल्या एखाद्या अनुभवी सुतार काकांना सोबत बोलवू आणि त्यांना रीतसर मानधन देऊ. मला जहाज येतं, पण लाकूड त्यांना माझ्याहून जास्त कळतं, आणि मुलांनी हे बघितलेलं बरं. वर्षाने बारा अर्धी जहाजं भिंतीवर लागली नाहीत, तर पुढच्या मेळाव्यात शेड पाडायच्या ठरावाला पहिला हात माझा वर असेल.

पत्र्याला रंग, एक खिडकी दुरुस्त आणि दोन ट्यूबलाइट, एवढाच खर्च निधीतून करावा. हत्यारांचं मी आणि तिसऱ्या रांगेतली माझी मैत्रीण बघून घेऊ. तिला हे आत्ताच कळतंय, पण ती नाही म्हणणार नाही.

संध्याकाळी सभेला नक्की या. चहाच्या टेबलावर मी हेदूच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. जाता जाता एक उचला आणि वाकवून बघा, आधी सपाट, मग कडेने. मोडली तरी चालेल, भरपूर आणल्या आहेत.